विसर्जनाच्या रात्री फोन लागत नाही, स्वयंसेवकांसाठी हॅम रेडिओ क्लब काढता येईल का? (कळवा-ठाणे)

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोच.

आम्ही आठ-दहा जण दरवर्षी गणपतीत पारसिक रेतीबंदरला विसर्जन घाटावर स्वयंसेवक म्हणून उभे असतो. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरीबरोबरचे आणि मग अनंत चतुर्दशी. काम साधंच असतं, दोरी धरायची, निर्माल्य वेगळं काढायचं, म्हाताऱ्या माणसांना उतारावर हात द्यायचा, टेम्पोंची रांग लावायची. यंदा अनंत चतुर्दशीला रात्री साडेदहाच्या सुमारास एक पाच-सहा वर्षांची मुलगी चुकली. ती रडत रडत वर रस्त्याकडच्या आमच्या टेबलापाशी आली होती आणि तिची आई खाली पाण्यापाशी तिला शोधत होती. दोन्हीकडे आमचीच माणसं उभी होती, अंतर चारशे मीटरसुद्धा नसेल, पण फोन काही केल्या लागेना, व्हॉट्सॲपवर एकच टिक, आणि ढोलताशात हाक कुणाला ऐकू जाणार. शेवटी मी मुलीला टेबलावर बसवून गर्दी कापत खाली गेलो, पोचायला वीस मिनिटं लागली आणि तोवर ती बाई गुडघाभर पाण्यात उतरली होती, दोघांनी तिला धरून ठेवलं होतं. मुलगी मिळाली, सगळं नीट झालं. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

तर पुढच्या वर्षी काहीतरी करायचंच असं ठरवलंय. ऑनलाइन वॉकीटॉकीच्या जोड्या दिसतात तीन-चार हजाराला, एक मित्र म्हणतो घे बिनधास्त, दुसरा म्हणतो बेकायदा आहे पोलीस पकडतील. तिसऱ्याने सांगितलं की हॅम रेडिओवाले लोक असतात ते मॅरेथॉनला, पुराच्या वेळी वगैरे संपर्काचं काम फुकट करतात. हे हॅम म्हंजे नक्की काय, त्यासाठी इंजिनियर असावं लागतं का, आणि आमच्यासारख्या मंडळातल्या पोरांना असा क्लब काढता येईल का? माझं शिक्षण बीकॉम, इलेक्ट्रॉनिक्सचा ओ का ठो कळत नाही.

वाशीकर_व्हीयू2

सगळ्यात आधी, तुम्ही त्या वीस मिनिटांचा विचार करताय हे फार मोलाचं आहे. बाकी सगळं शिकता येतं.

कायद्याचं आधी सांगतो कारण त्यातच लोक फसतात. ऑनलाइन मिळणारे ते चिनी हँडसेट, पाच वॅटचे, ज्यात पाहिजे ती फ्रीक्वेन्सी टाकता येते, ते विनापरवाना वापरायचे नाहीत. नुसता सेट जवळ बाळगायलाही परवाना लागतो. या सेटवर तुम्ही नकळत पोलिसांच्या नाहीतर अग्निशमनच्या चॅनलवर बोलायला लागलात तर विसर्जनाच्या रात्री त्यांचंच काम अडेल, आपण मदत करायला गेलो आणि आडवे आलो असं होईल. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट विकणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मना नोटिसा काढल्या त्या याचसाठी. म्हणून तुमचा दुसरा मित्र बरोबर आहे.

पण एक मोकळी वाट आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अर्ध्या वॅटपर्यंतचे छोटे सेट आपल्याकडे 2018 पासून विनापरवाना वापरता येतात. सेट त्याच पट्ट्यापुरता बनवलेला पाहिजे, अँटेना त्याला कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही, आणि विकणाऱ्याकडे सरकारी मान्यतेचा कागद असतो तो मागून बघायचा. खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका. माणसांच्या गर्दीत, बाजूला इमारती असताना पाचशे मीटर ते किलोमीटरभर धरा. तुमचं अंतर चारशे मीटर. मग तुमच्या घाटासाठी हेच सेट पुरे आहेत, हॅमची गरजच नाही! मी स्वतः हॅम असून हे सांगतोय कारण योग्य कामाला योग्य साधन.

आता हॅम म्हंजे काय. हा छंद आहे, सरकारच्या परवान्याचा. दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, पास झालं की परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं अधिकृत नाव. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू3 ने सुरू होणारा, जनरलला व्हीयू2 ने. वय बारा पूर्ण पाहिजे, शिक्षणाची अट धरून बसू नका, आमच्या ग्रुपमध्ये रिक्षा चालवणारे आहेत, डॉक्टर आहेत, एक भाजीचा घाऊक व्यापारी आहे तो पहाटे मार्केटला जाताना रोज नेटवर (इंटरनेट नव्हे, ठरलेल्या वेळी सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर जमतात ते) हजेरी लावतो. रिस्ट्रिक्टेडला थोडी रेडिओची थिअरी आणि नियम. जनरलला त्याच्या जोडीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची टिकटिक लिपी, मिनिटाला आठ शब्द, घ्यायला आणि पाठवायला.

हॅम बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, काय चालत नाही तेही ऐका. धंदा नाही, मोबदला नाही, गाणी नाहीत, सांकेतिक भाषेत लपवून बोलणं नाही, आणि बाहेरच्या माणसांचे निरोप इकडून तिकडे पोचवणंही नाही. अपवाद आपत्तीचा, नेहमीची साधनं बंद पडली आणि प्रशासनाने मदत मागितली की निरोप नेता येतात. म्हणजे मंडळाने 'प्रसाद संपला अजून दोन पातेली पाठवा' हे हॅमवर सांगणं बसत नाही. आम्ही एखाद्या धावण्याच्या कार्यक्रमाला उभे राहतो तेव्हा सुरक्षेपुरतंच बोलतो, आयोजकांकडून चहा-वडापाव सोडून काही घेत नाही आणि आधी लेखी कळवून ठेवतो.

मग क्लब कशाला असं विचाराल तर त्याचं उत्तर तुमच्या घाटाच्या पलीकडचं आहे. ते बाकीचे सांगतीलच.

कोपरखैरणे_19

फॉलो करतोय. आमच्या तलावाला पण सेम प्रॉब्लेम, रात्री आठ ते बारा फोन म्हंजे नुसता टॉर्च.

ऐरोलीचा_निखिल

मला प्रामाणिकपणे विचारायचंय, वाद घालायचा नाहीये. आज टॉवरला बॅटरी बॅकअप आहे, फायबर आहे, सॅटेलाइट फोन आहेत, एनडीआरएफकडे स्वतःची यंत्रणा आहे. गर्दीत नेटवर्क जाम होतं हे मान्य पण त्याला वाशीकरांनी सांगितलेले छोटे सेट पुरतात. मग हौशी लोकांनी डोंगरावर अँटेना घेऊन बसायची खरंच गरज उरली आहे का? वेळ काढायचा तर उपयोग होईल अशा ठिकाणी काढावा असं वाटतं.

कळव्याचे_काका

निखिल, रास्त विचारलंस. मी तुला माझंच सांगतो.

26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. मी तेव्हा कुर्ल्याला कामाला होतो. दुपारी गाड्या बंद झाल्या, मी आणि आमच्या खात्यातले तिघं रुळावरून चालत निघालो, रात्र विक्रोळीला एका शाळेत काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी कळव्याला पोचलो. त्या सगळ्या वेळात घरच्यांना मी जिवंत आहे की नाही हे माहीत नव्हतं. मोबाइल होता माझ्याकडे, नवा. आधी नेटवर्क भरलेलं होतं म्हणून लागला नाही, मग वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, काही ठिकाणी जनरेटरच पाण्यात. बॅकअप तेव्हाही होता रे बाळा, पण बॅकअप हा तासांचा असतो आणि पाणी ओसरायला दिवस लागतात. आई दारात बसून होती रात्रभर, तिला त्यानंतर ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या त्या शेवटपर्यंत.

त्या वर्षीच मी हॅमची चौकशी केली आणि पुढे परीक्षा दिली. माझ्या वेळी बोरिवलीला गोराई रोडच्या मॉनिटरिंग स्टेशनला परीक्षा होती, बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पेपर लिहायला बसलो, मोर्ससाठी लोकलमध्ये बोटांनी बॅगेवर टिकटिक करत जायचो.

आणि सुनामीचं तर सगळ्या जगाने बघितलं. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू2आरबीआय, आणि त्यांची टीम अंदमानला हौसेसाठी स्टेशन लावून जगभरच्या हॅमशी बोलत होती. 26 डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, मागून लाटा आल्या. पोर्ट ब्लेअरचे फोन गेले आणि हौसेसाठी लावलेलं तेच स्टेशन बाहेरच्या जगाशी बोलायचं साधन झालं, कोण सुखरूप आहे त्याचे निरोप मुख्य भूमीवर जायला लागले. त्या बाई तिथे मदतकार्यासाठी गेल्या नव्हत्या. पण हात सवयीचे होते, अँटेना उभी होती, कुठल्या वेळी कुठला बँड उघडा असतो हे रोजच्या बोलण्यामुळे ठाऊक होतं. हौशी लोकांनी अँटेना घेऊन का बसायचं याचं माझ्या मते हेच उत्तर.

एनडीआरएफ येते, उत्तम काम करते. पण ती यायच्या आधीचे पहिले सहा-आठ तास गल्लीतल्या माणसांचे असतात. कळवा-मुंब्र्यात तर एका बाजूला खाडी आणि एका बाजूला डोंगर, रस्ता दोन ठिकाणी तुटला की आपण बेटावर.

ऐरोलीचा_निखिल

काका, हे वाचून गप्प झालो. पहिल्या सहा-आठ तासांचा मुद्दा मी धरलाच नव्हता.

नेरूळची_विज्ञानवाली

मी शाळेत विज्ञान शिकवते, गेल्या वर्षी रिस्ट्रिक्टेड पास झाले, त्यामुळे नवख्या माणसाच्या बाजूने सांगते. खाडीकाठचा दादा, बीकॉम आहे म्हणून अजिबात घाबरू नकोस. थिअरीत ओहमचा नियम, रेझिस्टन्स, कपॅसिटर, ट्रान्समीटरचे ढोबळ भाग, अँटेना, रेडिओ लहरी कशा जातात इतपतच, दहावीचं विज्ञान आठवत असेल तर अर्ध काम झालं. नियमांच्या भागात क्यू कोड पाठ करावे लागतात, क्यूटीएच म्हंजे तुमचं ठिकाण, क्यूआरएम म्हंजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, क्यूएसवाय म्हंजे फ्रीक्वेन्सी बदला, मी फ्रिजवर चिकटवले होते आणि पोळ्या लाटताना म्हणायचे. अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. परीक्षेनंतर परवाना हातात यायला वेळ लागतो, धीर धर आणि तोवर ऐकत राहा.

ऐकणं हेच मी जास्त सांगेन सगळ्यांना. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा 145.800 मेगाहर्ट्झवर त्यांचा आवाज येतो, अधूनमधून ते चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही म्हणतात त्याला, रेडिओतून किर्रर्र पिंग पिंग असा आवाज येतो आणि मोबाइलच्या ॲपमध्ये ओळीओळीने चित्र उमटतं. क्लबच्या एका काकांनी रिसीव्हर आणला होता आणि आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन शाळेच्या गच्चीवर उभे होतो, चारशे किलोमीटर वरून येणारं चित्र, अर्ध्यात पट्टे पट्टे आलेले, पण मुलं जी ओरडली! त्यातल्या तिघांना आता परीक्षा द्यायची आहे. एक मुलगी तर घरी मेजर टेपच्या पट्ट्या कापून यागी अँटेना, म्हणजे एका दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना, बनवून आली. हार्डवेअरच्या दुकानातली स्टीलची मेजर टेप, पीव्हीसीचा पाइप आणि क्लॅम्प, तीन एलिमेंटची यागी. मी सर्किटसमोर आधी बिचकायचे, आता सोल्डरिंग गन हातात घेते.

तर क्लब म्हंजे फक्त आपत्तीची वाट बघत बसणं नाही. आमच्याकडे महिन्याला एकदा फॉक्स हंट असते, खारघरच्या सेंट्रल पार्कात कुणीतरी छोटा ट्रान्समीटर लपवून ठेवतो आणि बाकीच्यांनी अँटेना फिरवून शोधायचा. यागी नसेल तर साधा सेट छातीशी धरून जागेवर गोल फिरायचं, तुमचं शरीरच सिग्नल अडवतं, जिथे आवाज सगळ्यात बारीक होतो तिथे ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे. मुलं हे पाच मिनिटांत शिकतात.

पामबीच_पहाट

मी मूळ प्रश्नाकडे येतो, स्वयंसेवकांचा संपर्क. वाशी ते बेलापूर पाम बीच रोडवर एका रविवारच्या रनला आम्ही क्लबचे नऊ जण उभे होतो, त्यात जे चुकलं ते सांगतो कारण ते कुठल्या पुस्तकात नाही.

रचना अशी होती. एक कंट्रोल, तो आयोजकांच्या आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारी बसलेला, त्याच्याकडे मोठा सेट आणि पाच मीटरच्या बांबूवर अँटेना. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी एकेक जण हातातल्या सेटवर. कॉलसाइन नियमाप्रमाणे घ्यायचाच पण रोजच्या बोलण्यात जागेचं नाव, 'पाणी दोन', 'पाणी तीन', कारण डॉक्टरांना आमचे कॉलसाइन माहीत नसतात. कुणीही थेट एकमेकांशी बोलायचं नाही, सगळं कंट्रोलमार्फत. 'कंट्रोल, पाणी तीन.' 'पाणी तीन, बोला.' एवढं झालं की मगच निरोप.

आता चूक. पाणी चारच्या जवळ एक धावपटू बसला, चक्कर. आमच्या माणसाने बघितलं, साखर-पाणी दिलं, तो उठून बसला. त्याने कंट्रोलला सांगितलं, 'ॲम्ब्युलन्स लागणार नाही.' पण बोलून संपायच्या आधी त्याचा अंगठा बटणावरून सुटला. कंट्रोलला ऐकू आलं 'ॲम्ब्युलन्स लागणार'. निघाली ॲम्ब्युलन्स चारकडे. आणि तीनच मिनिटांत पाणी दोनला खरोखर एकजण छातीत दुखतंय म्हणून खाली बसला आणि गाडी उलट्या दिशेला! दुसरी गाडी बेलापूरच्या टोकाला होती म्हणून वेळेत आली, माणूस वाचला, पण त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

आपल्या मराठीत 'नाही' शेवटी येतं. सापडली नाही, पाठवू नका, लागणार नाही. बटण लवकर सुटलं की वाक्याचा अर्थ उलटा. तेव्हापासून आमचा नियम, नकार असेल तर आधी 'निगेटिव्ह' म्हणायचं, मग वाक्य. 'निगेटिव्ह, ॲम्ब्युलन्सची गरज नाही.' आणि बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोलायचं, बोलून झाल्यावर एक श्वास थांबून सोडायचं. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोलने त्या दिवशी परत म्हटलं असतं तर तिथेच चूक पकडली गेली असती.

दुसरं आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणनव्वद हे गोंगाटात सारखेच ऐकू येतात. छातीवरचा नंबर सांगताना 'पाच नऊ सहा' असा एकेक अंक. सव्वा, दीड, अडीच हे पण टाळा.

तिसरं, पाम बीच सरळ रस्ता आहे, एका बाजूला खाडी मोकळी, त्यामुळे आम्हाला वाटलं पाच वॅटवर सहज ऐकू येईल. नेरूळपर्यंत उत्तम. पुढे बेलापूरकडे वळल्यावर इमारतींच्या मागे आवाज तुटायला लागला. कंट्रोलची अँटेना उंच होती म्हणून निभावलं. दोन मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडे 144 ते 146 मेगाहर्ट्झ, वॅट वाढवण्यापेक्षा अँटेना चार फूट वर नेणं जास्त कामाचं. आणि हातातल्या सेटसोबत येणारी ती रबरी अँटेना फार कमी कामाची असते, तिच्या बुडाशी जमिनीच्या बाजूला 49 सेंटीमीटरची वायर लोंबती ठेवली तरी फरक कळतो.

वाशीकर_व्हीयू2

पामबीच, हे 'नाही'चं अगदी खरंय. आमच्या नेटवर पण हाच नियम लावतो आजपासून.

थोडी भर. आपल्या भागाचा नकाशा डोक्यात पाहिजे. वाशी, नेरूळ, ऐरोली, कळव्याचा खाडीकडचा भाग आणि ठाणे पूर्व हे खाडीवरून एकमेकांना बरे ऐकू येतात, पाण्यावर अडवायला काही नसतं. पण मधे पारसिकचा डोंगर आहे, ऐरोलीतून हातातल्या सेटवर दिवा नाहीतर शीळफाटा गाठायला गेलात तर डोंगर आडवा. घोडबंदर रोडला टॉवरांच्या मागे हाच त्रास आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर. म्हणून डोंगरावरचा रिपीटर लागतो, तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि 600 किलोहर्ट्झ सोडून दुसरीवर तेच परत जास्त ताकदीने पाठवतो. पण रिपीटरवर भिस्त ठेवून बसायचं नाही, त्यालाही वीज लागते. म्हणून आमच्या नेटला महिन्यातून एका आठवड्याला रिपीटर बंद धरून सगळे थेट बोलतात आणि कोण कुणाला ऐकतंय याची वही ठेवतो. त्या वहीतून कळलं की करावेच्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरातून जवळजवळ सगळ्यांना ऐकू येतं, आता पावसाळ्यात एकाचा निरोप दुसऱ्याला पुढे देणारं रिले स्टेशन तिथेच ठरलेलं आहे. तिथल्या वहिनींनी पण परीक्षा दिली, कारण दादा कामावर असताना रेडिओ कोण घेणार.

बॅटरीचं पण लिहून ठेवा. 25 वॅटचा मोबाइल रिग, म्हणजे गाडीत बसवायचा रेडिओ सेट, बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, यूपीएसची 7 एएचची बॅटरी त्यावर फार टिकत नाही. पॉवर कमी ठेवा, ऐका जास्त, बोला कमी. आणि बॅटरी दर महिन्याला वापरून बघा, माळ्यावर ठेवलेली बॅटरी नेमकी त्या दिवशी मेलेली असते.

खाडीकाठचा

मंडळी, तीनदा वाचलं सगळं. काकांच्या आईचं वाचून वाईट वाटलं. घरी बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या रात्री तू हेच सांगत होतास झोपेत.

म्हणजे मला जे समजलं ते असं की घाटावर 446 चे छोटे सेट, कागद बघून घेतलेले, सहा पुरतील, आणि त्यावर 'निगेटिव्ह'वाला नियम आणि परत म्हणून दाखवायचं आत्तापासून पोरांकडून करून घ्यायचं. हॅम ही वेगळी गोष्ट, त्याला मी आणि अजून दोघं परीक्षेला बसतो. पुढच्या गणपतीला वेळ आहे. एक शंका, मुलगी सापडली असं सेटवर सांगताना तिचं नाव सांगायचं का? कारण आमच्याकडे कुणीही ऐकू शकेल ना.

पामबीच_पहाट

फार चांगला प्रश्न. नाव अजिबात नाही, या सेटवर कुणीही ऐकू शकतं. 'अंदाजे सहा वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, वरच्या टेबलावर सुरक्षित, पालकांना घेऊन या' एवढंच. फ्रॉकचा रंग सांगितला तरी एक खूण हातची राखून ठेवायची, पायात पैंजण आहेत का, हातात कुठला दोरा आहे, आणि न्यायला आलेल्या माणसाला ती खूण विचारायची. तिथे पोलीस असतातच, मूल त्यांच्यासमोरच हवाली करायचं. पाण्यात कुणी पडलं, छातीत दुखलं असं काही असेल तर 'तातडीचा निरोप' हे दोन शब्द आधी म्हणायचे, ते ऐकले की बाकी सगळे गप्प. हे शब्द सरावात सोडून उगाच कधी वापरायचे नाहीत.

आणि सराव गर्दीतच करा. रिकाम्या घाटावर सगळं छान ऐकू येतं. शनिवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर, गावदेवी मार्केटपाशी उभे राहून एकमेकांना पाच निरोप द्या आणि लिहून घ्या, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पहिल्यांदा आमचे पाचातले दोनच जुळले होते. कानाला इअरफोन लावाच, ढोल वाजायला लागला की सेटचा स्पीकर काही कामाचा नाही.

कळव्याचे_काका

खाडीकाठचा, तू खारीगावचा म्हणजे माझ्यापासून चालत दहा मिनिटं. परीक्षेची जुनी वह्या-पुस्तकं माझ्याकडे आहेत, क्यू कोडची तक्ते पण, मोर्सची की पण आहे पितळेची. रविवारी सकाळी ये, पोरांना घेऊन ये. माझा सेट लावून ठेवतो, नेट साडेआठला असते, ऐकत बसा आणि वहीत कोण कुठून बोललं ते लिहा. महिनाभर ऐकलंत तर अर्धा अभ्यास तिथेच होईल.

खाडीकाठचा

काका नक्की येतो. माझी भाची पण येऊ का विचारतेय, आठवीत आहे, तिला ते अंतराळ स्थानकाचं चित्र बघायचंय. चालेल ना?

नेरूळची_विज्ञानवाली

आण की! आठवीत म्हंजे वयात बसते, परीक्षा पण देईल. आमच्या यागीवाल्या मुलीला सांगते, पुढच्या फॉक्स हंटला तिच्या जोडीला लावू. फक्त टोपी आणि पाण्याची बाटली आणा, सेंट्रल पार्कात दहानंतर फार ऊन लागतं.

कळव्याचे_काका

हो हो आण. पोह्यांना शेंगदाणे चालतात ना तिला तेवढं विचारून ठेव.